चौदा नंबरची पाकोळी

आमच्या संग्रहालयाच्या संचालिका कालोयानोव्हाबाई सोफियाला प्रशिक्षणाला गेल्या आणि परत येताना निसर्गप्रेम घेऊन आल्या. लगेच शाळेतल्या मुलांसाठी उपक्रम ठरला, ‘पाकोळी आपली शेजारीण’. चाळीस मुलांनी पांढऱ्या मातीच्या, न भाजलेल्या चाळीस पाकोळ्या करून रंगवायच्या आणि एप्रिलअखेर मंत्रालयातल्या पाहुण्यांच्या हस्ते प्रदर्शनाचं उद्‌घाटन.

दारावर फलक लागला, तर त्याच्या वर वळचणीला खऱ्या पाकोळ्यांची चिखलाची सात जुनी घरटी.

“गेंचो, ही घाण काढून टाका,” बाई म्हणाल्या. “पाहुण्यांच्या डोक्यावर काही पडायला नको.”

“पण मॅडम, आठ-दहा दिवसांत येतील की त्या.”

“आत चाळीस आहेत ना? पुरे.”

बावीस वर्षं मी इथला राखणदार. हो म्हणायची सवय अंगात मुरलेली. घडीची शिडी लावली आणि खुरप्यानं सातही पाडली. लाज वाटली, पण पाडली.

ढकलगाडीतली ढेकळं बघून झोर्नित्सा थबकली. तिसरीतली पोर. चौदा नंबरची निळी पाकोळी तिची, सगळ्यांत देखणी, म्हणून आमंत्रणपत्रिकेवर तिचाच फोटो.

“काका, आता त्या राहणार कुठं?”

“बांधतील नवीन.”

“चिखल कुठाय पण?”

गेल्या वर्षी ‘हिरवं अंगण’ उपक्रमात बाईंनी अख्ख्या अंगणाला फरशी घातली होती. मी ढकलगाडी पुढं लोटली.

आठवड्यानं पाकोळ्या आल्या आणि वळचणीपाशी नुसत्या घिरट्या घालू लागल्या. एक मार्चपासून मनगटावर असलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या मार्तेनित्सा पोरांनी सोडून फुललेल्या जर्दाळूला बांधल्या. पाकोळी दिसली की सोडायचीच असते. झोर्नित्सानं सोडली नाही.

“तुला दिसली नाही का गं?” मी विचारलं.

“ती दिसली. तिचं घर कुठं दिसलं?”

दोन दिवसांनी चौदा नंबर गायब.

“तुम्ही इथं राखता तरी काय हो?” बाई माझ्यावर घसरल्या. रिकाम्या जागी त्यांनी पाकोळीचा फोटो ठेवला.

उद्‌घाटनाला पाहुण्यांनी नेमकं तेच विचारलं, “पत्रिकेवरची ती कुठं आहे?”

“वर आहे,” झोर्नित्सा म्हणाली आणि त्यांना बाहेर घेऊन गेली. फलकाच्या बरोबर वर अर्धं घरटं, पांढरंशुभ्र, मध्ये निळ्या रंगाचे ठिपके. पाकोळी ये-जा करत होती. खाली नळाशी परात, तिच्यात उरलेला पांढरा चिखल. “माझी पाकोळी मीच भिजवली,” ती म्हणाली.

पाहुणे भारावले.

“हाच आमच्या उपक्रमाचा शेवटचा टप्पा,” बाईंनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर वळली तशा बाई माझ्याकडे वळल्या. “फलकावर शिंतोडे उडतायत. शिडी आणा.”

मी कोठीत गेलो. शिडी मिटून भिंतीला टेकलेली होती. तिचे पुढचे-मागचे पाय एकत्र करून त्यांना झोर्नित्साची मार्तेनित्सा बांधलेली, गाठीवर गाठ मारून. दोरा तोडल्याशिवाय शिडी उघडणार नव्हती. बांधलेली मार्तेनित्सा आमच्याकडे कुणी तोडत नाही. सात घरटी पाडणाऱ्या माझाही हात धजेना. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

“शिडी मिळत नाही, मॅडम.”

“अहो, कोठीचं दार उघडं आहे. ती काय, इथून दिसतेय.”

“दिसतेय,” मी म्हणालो. “पण मिळत नाही.”