तामूचा मोजा आणि दोन विहिणी

मी एक जुना, झिजलेला मोजा आहे. पायातला नव्हे मित्रांनो, हातातला. मोरोक्कोमधल्या फेझ शहरातल्या बायकांच्या हमामखान्यात अंग घासायचं काम मी करतो. एका म्हातारीने बकरीच्या काळ्या केसांपासून मला विणलं आणि इथे बायकांची अंगं घासून देणाऱ्या तामूने उजव्या हातात चढवलं, तो मी आजतागायत तिथेच आहे. मुळात मी खरखरीत, त्यात आज रागावलेला. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

“वर्षाचा मळ एका बैठकीत जातो गं!” असं बायका म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटे. वाफ, काळा साबण, संत्री सोलत चाललेल्या गप्पा. तामूचा एक नियम होता, हमामखान्यात दिसलेलं हमामखान्यातच राहिलं पाहिजे. त्या नियमाचा मला अभिमान होता. आज लाज वाटते.

ऑलिव्हची तोडणी चालली होती. बतूल दर गुरुवारी यायची. तिच्या डाव्या छातीवरून फिरताना मी अडखळलो. आत चण्याएवढी गाठ होती.

“बतूलताई, हे काय गं? डॉक्टरला दाखवलंस?” तामूने विचारलं.

“हळू बोल, बाई! माझ्या गिझलानचं लग्न ठरलंय. आईला ‘तो’ आजार आहे म्हटल्यावर म्हणतील, उद्या पोरीलाही होणार. लग्न होऊ दे, मग बघू.”

तामूने नियम पाळला आणि मला पाठीकडे वळवलं.

त्याच महिन्यात, एका शनिवारी, केन्झाच्या काखेपाशी मला गाठ लागली. ही अक्रोडाएवढी. केन्झा म्हणजे गिझलानची होणारी सासू.

“लग्न होऊन जाऊ दे, तामू,” ती म्हणाली. “दुखणाईत सासूची सेवा करायला कोण आपली लेक देतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मुठी झाकणं हा माझा जन्माचा धंदा आहे. मी सांगतो, झाकल्याने आतलं काही बरं होत नाही!

आठ महिने असेच गेले. गुरुवारी एक, शनिवारी दुसरी. गाठी वाढत होत्या आणि तामू मला त्यांच्या बाजूने वळसा घालून फिरवत होती. मला ना तळपाय ना मस्तक, तरी आग व्हायची.

मग नवरीच्या आंघोळीचा दिवस आला. मेणबत्त्या, गाणी, दोन्हीकडच्या बायका. दोन्ही विहिणी मात्र टॉवेल घट्ट धरून बसलेल्या.

“विहीणबाई, बसा ना घासून घ्यायला,” केन्झा म्हणाली.

“छे, वरमाईच्या आधी? शिवाय मी घरूनच आंघोळ करून आलेय.”

“हमामखान्यात यायला घरून आंघोळ!” बायका खो खो हसल्या.

तामू हसली नाही. तिने मला फरशीवर भिरकावलं, दोघींचे हात धरले आणि एकमेकींच्या गाठींवर ठेवले.

“घ्या! ही तिच्यापासून लपवतेय, ती हिच्यापासून. अगं, पोरांना लग्नानंतर आया नकोत का?”

गाणं थांबलं. केन्झाने हात काढला नाही. “कधीपासून, बतूल?”

“तुमच्याइतकेच दिवस असतील, विहीणबाई.”

दुसऱ्या दिवशी गिझलान दोघींना इस्पितळात घेऊन गेली. लग्न मोडलं नाही, ठरल्या दिवशी झालं. बतूलचं ऑपरेशन झालं, केस गेले, ती वाचली. केन्झाचा कर्करोग हाडांत पोचला होता. “आठ महिने आधी आला असतात तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातला एकेक शनिवार मला पाठ आहे.

हिवाळ्यात केन्झा गेली. शेवटची आंघोळ घालायला तामूलाच बोलावणं आलं. तिने मला नेलं नाही. त्या आंघोळीला खरखरीत मोजा चालत नाही, नुसत्या हाताने हळुवार धुतात. परत आल्यावर तामू भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. मला तिची दया आली नाही. राग आला, तिचा, आजाराचं नाव घ्यायला भिणाऱ्यांचा, सून निवडताना तिच्या आईची दुखणी शोधणाऱ्यांचा, आणि माझाही.

आता तामू नियम पाळत नाही. परवा एकीला गाठ लागली, तर अंगावरचा साबण कसाबसा धुऊन तिला थेट दवाखान्यात नेलं. मी बादलीत पडून होतो आणि मला आनंद होत होता.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला विचारा, कुठे गाठ लागते का, दाखवलीस का? ती म्हणेल, “मग बघू.” ऐकू नका. खेळण्यासाठी करता तसा जमिनीवर लोळून हट्ट करा. ती चप्पल घालून दाराबाहेर पडेपर्यंत उठू नका.