चापावरचं बोट

मित्रांनो, पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शेतात औषध मारायचा पंप येतो. मी त्याच्या लांबच्या नात्यातला. माझं काम कार्पेटवर साबणपाणी फवारायचं. खाली सात लिटरची टाकी, वर हवा भरायचा दट्ट्या, बाजूला नळी, नळीला पितळी कांडी आणि कांडीवर बोटाने दाबायचा चाप. दाबला की पाणी, सोडला की बंद. आता माझा रंग उडाला आहे आणि खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटतही नाही. जे झालं, ते झालं तसं सांगतो.

कारखान्यातलं सांगण्यासारखं काही नाही. पाणी भरून बघितलं, गळलो नाही, म्हणून खोक्यात घातलं. पुढे वर्षभर दुकानाच्या फळीवर बसून होतो. एक दिवस दोन जावा आल्या. दोघींनी मिळून कार्पेट धुण्याचं काम नुकतंच सुरू केलं होतं. धाकटीचा जीव शेजारच्या लाल, चकचकीत पंपावर जडला. थोरलीने मात्र आम्हा दोघांना उघडून आतल्या रबरी कड्या चाचपल्या.

"याच्या कड्या आपल्या धुण्याच्या औषधाने महिन्यात फुगतील," ती लाल पंपाबद्दल म्हणाली. "रंग काय चाटायचाय?"

मग तिने दोघांचं पाणी दुकानापुढच्या फरशीवर मारून पाहिलं. माझं पंख्यासारखं सपाट पडलं, त्याचं मधेच ठिबकलं. तिने मला उचललं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेवढं आठवतं.

नऊ वर्षं काम केलं. ऑफिसं, हॉटेलच्या खोल्या, एका सभागृहाचा लांबलचक जिना. थोरली पुढे फवारत जायची आणि दहा मिनिटांनी धाकटी मागून मशीनने मळकं पाणी ओढत यायची. थोरलीचं बोट फार शिस्तीचं. दोन पावलं दाबायचं, वळताना सोडायचं. कार्पेट भिजवायचं नसतं मित्रांनो, नुसतं ओलावायचं असतं. पाणी तळापर्यंत गेलं की कार्पेटच्या पाठीचा डिंक सुटतो आणि वाळताना तपकिरी डाग वर येतात. नऊ वर्षांत असं कधी झालं नाही. धाकटी लोकांना माझी ओळख करून द्यायची, "ही आमची तिसरी जाऊ. न भांडणारी."

मग बोट बदललं. हे सगळ्यांत आधी मला कळलं. चाप दाबताना ते गरजेपेक्षा जास्त जोर लावू लागलं आणि सोडताना उशीर करू लागलं. आधी क्षणभर, मग अर्धं पाऊल. दुपारी चहा पिताना थोरली कप डाव्या हाताने धरू लागली. उजवा हात ती मांडीखाली दाबून बसायची, मग झटकायची. धाकटी समोरच बसलेली असायची, पण तिचं लक्ष मशीनच्या फिल्टरमध्ये. एकदा थोरली माझ्यात पाणी भरत असताना एकटीच पुटपुटली, "कळलं तर बसवतील मला घरी." काम गेलं तर तिच्याकडे तिचं असं काहीच उरणार नव्हतं. मी ऐकलं. पंपाने ऐकून करायचं काय?

शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे घोळ झाला. त्यांच्या बसायच्या खोलीतलं कार्पेट आम्ही धुतलं आणि दोन दिवसांनी त्यावर तपकिरी डाग आले. कोपरा फुगला. वास सुटला. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. पुढच्या वेळेला दुसऱ्यांना सांगतो, एवढंच म्हणाले.

"पंप गळतोय," थोरली म्हणाली. "म्हातारा झाला तो."

धाकटीने मान डोलावली. मी गळत नव्हतो. पण आळ आला, घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन त्याच दुकानात आल्या. दुकानदार धंद्यातलं जुनं खोड. त्याने आधी विचारलं, औषध कोणतं, टाकी केवढी हवी, दिवसाला किती खोल्या. मग म्हणाला, "आधी याला काय झालंय ते तरी बघू." त्याने माझ्यात पाणी भरलं, हवा भरली आणि मला काउंटरवर कोरड्या कागदावर ठेवलं. आम्ही सगळे त्या कागदाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं झाली. कागद कोरडाच.

"ताई, हा ठणठणीत आहे. तुमच्या लेकालाही पुरेल."

"मग त्या दिवशी कसा गळला?" थोरली म्हणाली. "नवाच दाखवा तुम्ही."

त्याने बॅटरीवर चालणारा पंप काढला. यात हवा भरायला नको, हलका आहे, चाप मऊ आहे. कांडी थोरलीच्या हातात दिली आणि खाली बादली धरली. "दाबा. आता सोडा."

पाणी चालूच राहिलं.

"सोडा, ताई."

"सोडलाय की."

पाणी बादलीभोवती उडालं, दुकानदाराच्या चपला भिजल्या. थोरली बोटाकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बघत होती, बंद झालं का ते कळायला. धाकटीने आधी पाण्याकडे पाहिलं, मग जावेच्या तोंडाकडे. मग तिने पुढे होऊन ते बोट चापावरून स्वतःच्या हाताने उचललं. पाणी थांबलं.

"वहिनी, मी आत्ता बोट धरलं ते कळलं तुम्हाला?"

थोरलीने हात पदराआड घेतला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"मी रोज शेजारी होते," धाकटी म्हणाली. बराच वेळ ती तेवढंच म्हणत होती.

नवा पंप घेतला नाही. दुकानातून दोघी थेट दवाखान्यात गेल्या, मला काखोटीला मारून. मनगटात नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. वर्षभर आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले. दोन बोटांत थोडं कळणं परत आलं. अंगठ्यात आलं नाही.

आता फवारणी धाकटी करते. थोरली घरी बसलेली नाही. ती पुढे चालते, डाग कशाचा आहे ते सांगते, लोकांशी बोलते, धाकटीचं बोट वळताना सुटतं का ते बघते.

मित्रांनो, काम बिघडलं की लोक आधी वस्तू उघडून बघतात. माझ्या कड्या, माझी नळी, सगळं तपासून झालं. माझ्याकडे नीट बघा, धुऊन ठेवा, हे मी सांगणारच होतो, पण ते राहू द्या. तुमच्या घरात जो हात रोज काम करतो, त्या हाताला आधी विचारा. दोन वर्षं थांबू नका.

आमच्याकडे आता रोज विचारतात. काम संपलं की थोरली धाकटीचा उजवा हात मांडीवर घेते आणि एकेक बोट दाबते. "कळतंय?" तिचं तिला समजत नाही ती किती जोरात दाबतेय. धाकटीचे ओठ घट्ट मिटतात, नखं पांढरी पडतात.

"कळतंय, वहिनी," ती म्हणते आणि पुढचं बोट पुढे करते.