महाराजांच्या डोळ्यांतलं आकाश

सिडकोतल्या समाजमंदिरात दर गुरुवारी नीलनेत्र महाराजांच्या डोळ्यांत आकाश उतरायचं. साल होतं दोन हजार तीन. आकाशाला उतरायला सिडकोच का सापडलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारायला उभं राहावं, तर मागचा माणूस जागा बळकावायचा.

सोहळा असा. महाराज पाण्याच्या परातीवर वाकायचे, शिष्य त्यांच्या डोक्यावरून शाल टाकायचा, टाळ वाजायचे. शाल निघाली की महाराजांचे तपकिरी डोळे निळेशार! बायका लगेच हात जोडायच्या. पुरुष आधी आजूबाजूला बघून मग जोडायचे.

"चष्मा ही कलियुगाची बेडी!" महाराज गरजायचे. "औषध म्हणजे विष! डोळ्यांत हे तीर्थ घाला. श्रावणापासून बदललेलं नाही. जितकं जुनं, तितकं जागृत!"

तीर्थ जागृत होतं यात शंका नव्हती. त्याचा वास दारापर्यंत येत होता.

"आई, पाणी कुजलंय," तृप्ती म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. जाड चष्म्याला कंटाळून तिने नुकत्याच कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या होत्या. आई, सविताबाई, तिला बळंच इथे घेऊन आल्या होत्या.

"गप्प बस. अशा बोलण्यानेच नंबर वाढतो," सविताबाई कुजबुजल्या आणि बाटली भरून घेतली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तृप्तीने लेन्स लावल्या आणि डाव्या डोळ्यात तिखट गेल्यासारखं झालं. घाईघाईने काढल्या, तरी आग थांबेना, खिडकीतला उजेड सोसवेना. तिने लेन्सची डबी नाकाशी धरली. तोच वास.

"आई, डबीत काय घातलंस?"

"तीर्थ," सविताबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तुझं ते बाटलीतलं औषध मोरीत ओतलं. परवापासून रोज तीर्थच भरतेय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "बुबुळाला जखम झालीय, जंतूही शिरलेत. अजून थोडं थांबला असतात, तर डोळ्यात फूल पडलं असतं."

सविताबाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

"लेन्स पाण्यात धुवायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळाचं असो, उकळलेलं असो, नाहीतर तीर्थ. थुंकी तर नाहीच. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, लेन्स तिच्याच द्रावणाने तळहातावर चोळायची. डबीतलं द्रावण रोज ओतून ताजं भरायचं, आणि डबीही अधूनमधून बदलायची. झोपायच्या आधी लेन्स बाहेर. डोळा लाल झाला, तर लगेच बाहेर, आणि मग इथे यायचं."

भिंतीवर एका बाईचं चित्र होतं. एक डोळा तपकिरी, एक निळा.

"या रंगीत लेन्स. नाटकवाले नेतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तृप्तीने एका उघड्या डोळ्याने आईकडे पाहिलं. आईने दोन्ही उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

डोळा बरा झाल्यावर एका गुरुवारी मायलेकी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. तृप्तीला चष्मा होता. शाल पडली, टाळ वाजले, शाल निघाली. आकाश उतरलं होतं, पण उजवीकडचं लालबुंद होतं आणि गळत होतं.

"भक्तांची पापं मी डोळ्यांत ओढून घेतो!" असं म्हणत महाराजांनी डोळा चोळला. निळं वर्तुळ नाकाकडे सरकलं आणि मागून तपकिरी बुबुळ डोकावलं.

तृप्ती उभी राहिली. "महाराज, तुमचं आकाश घसरलं."

"उद्धट कार्टे! जळून जाशील!"

"जळतोय तुमचाच डोळा. आता शाल न घेता निळा करून दाखवा."

शिष्य जोरजोरात टाळ बडवू लागला. महाराजांनी डोळे करकचून मिटले आणि निळी चकती गालावरून ओघळून खाली पडली. भिमाबाई नावाच्या म्हाताऱ्या भक्तिणीने ती बोटावर घेतली.

"अगं बया, ह्ये तर माशाचं खवलं हाय!"

"लेन्स आहे, मावशी. माझ्या बिनरंगाच्या, यांच्या निळ्या. शालीआड लावतात आणि याच कुजक्या पाण्यात बुडवतात. म्हणून तर डोळा असा झालाय."

सविताबाई उठल्या. शिष्याच्या हातातली शाल ओढून त्यांनी झटकली. लेन्सची डबी टणकन फरशीवर पडली. कुणीतरी चप्पल उगारली.

"मारू नका!" तृप्ती मध्ये पडली. "पोलिसांना बोलवा. पण आधी याला दवाखान्यात न्या."

महाराज, म्हणजे खरा घोटी गावचा बारकू, डोळ्यावर हात धरून बसला होता. "ताई, लय दुखतंय. डोळा जाईल का वो माझा?"

"आत्ता गेलात तर वाचेल."

कलियुगाचं औषध घ्यायला महाराज रिक्षात बसले.

लोक तरीही हलेनात. तृप्ती म्हणाली, "ज्यांनी हे पाणी डोळ्यांत घातलंय, त्यांनी आजच तपासून घ्या. देवाला खुशाल हात जोडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो कसा केला हे विचारा. विचारल्याने पाप लागत नाही. विचारलं नसतं, तर मी डोळा घालवून बसले असते."

भिमाबाई पुढे आल्या. "मंग माझ्या मोतीबिंदूला काय करू गं?"

"ऑपरेशन, मावशी."

भिमाबाईंनी पिशवीतली तीर्थाची बाटली काढली आणि बाहेरच्या गटारात उपडी केली. "चल," त्या म्हणाल्या, "तुझी डॉक्टरीण कुठं बसते त्ये दाव."