सुतारकाकांच्या पाठीला जोडलेला पंप

मी पंप बोलतोय. टाकीत पाणी चढवणारा नव्हे. तो बिचारा सुखी. मी माणसाच्या जखमेतला पू ओढून घेतो. नळी दबली, कुठून हवा शिरली, की ओरडायचं, एवढंच मला शिकवलंय. मी ओरडतो, आणि लोक माझ्यावरच वैतागतात.

पाचव्या खाटेवर एक सुतारकाका होते. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये स्क्रू बसवले आणि आठवडाभरात तिथं पू झाला. डॉक्टरांनी जखम धुऊन आत स्पंज भरला, वर चिकटपट्टी लावली, तिच्यातून नळी काढली आणि नळीच्या टोकाला मला जोडलं. "हा चोवीस तास चालू हवा," त्यांनी बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं?

काका कूस बदलायचे, नळी अंगाखाली दबायची, मी ओरडायचो. "लागलं याचं रडगाणं," ते म्हणायचे. जन्मभर करवतीचा आवाज ऐकलेला माणूस, पण माझी टीं-टीं त्यांना सोसवेना. चौथ्या दिवशी दुपारी ते लेकीला म्हणाले, "बंद कर गं हे. जरा डोळा लागू दे."

"बाबा, डॉक्टर रागावतील."

"तासाभरानं काय बिघडतंय?"

तिनं बटण दाबलं. काका झोपले. जागरणांनी थकलेली लेकही खुर्चीत पेंगली. तासाचे चार तास झाले. स्पंजात पू साचत राहिला आणि मी शेजारी ठोकळ्यासारखा पडून.

संध्याकाळी डॉक्टरांनी लेकीला फैलावर घेतलं. "पू स्क्रूंपर्यंत गेला तर ते काढावे लागतील. मग पाठ उभी राहणार कशाच्या आधारावर?"

ती खाली मान घालून ऐकत होती. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी मनातल्या मनात म्हटलं, अहो, बोला की आता.

"तिला बोलू नका," काका डॉक्टरांकडे वळून म्हणाले. "मीच सांगितलं होतं. ती नको म्हणत होती."

जखम पुन्हा धुतली. स्क्रू थोडक्यात वाचले. त्यानंतर मी जरा कुरकुरलो, की काका स्वतःच हाक मारायचे, "सिस्टर, बघा हो, हवा शिरतेय वाटतं." पुढं तीन आठवड्यांनी जखमेत लालसर मांस भरून आलं आणि डॉक्टरांनी टाके घालून ती बंद केली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून काका चालत घरी गेले. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता मला पुसून कपाटात ठेवलंय. उद्या दुसरी कुणाची पाठ असेल. माझा आवाज गोड नाही, ठाऊक आहे. पण कंटाळलात तर बटण दाबू नका, सिस्टरला हाक मारा. मी ओरडतो तेव्हा माझं काही दुखत नसतं हो.