मागून उघडणारे गाऊन

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे. माझ्या अंगावरची सोनेरी नक्षी पुसली गेली आहे. टाका मात्र अजून सरळ पडतो.

कारखान्यातून मी थेट एका शिंप्याच्या दुकानात आले. त्याने मला वीस वर्षे पोटच्या मुलीसारखे जपले आणि थकल्यावर सुनेच्या हाती सोपवले. पुढे शिंप्याची बायको अंथरुणाला खिळली. कपडे घालताना हात वाकवावे लागत, ती कळवळे. सुनेने तिच्यासाठी मागून उघडणारा गाऊन शिवला. तो चढवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज कपडे बदलताना देव नाही आठवला गं!"

नणंदेने त्याचा फोटो विक्रीच्या एका ॲपवर टाकला. बघता बघता दूरदूरहून मागण्या आल्या. सुनेला मान वर करायला फुरसत मिळेना. तिने दुकानाचे शटर ओढले आणि आत कापडाचे तागे रचले. गल्लीतली गिऱ्हाइके परत जाऊ लागली.

"सूनबाई, हे गिऱ्हाईक तुझं की त्या ॲपचं?" शिंप्याने विचारले.

"बाबा, आणून तर देतंय ना!" ती हसली.

एका सोमवारी ॲपवरचे दुकानच नाहीसे झाले. 'उपचाराचे साहित्य विकण्यास मनाई आहे,' एवढेच उत्तर. कितीदा कळवले, तरी तेच वाक्य. चौदा गाऊन तयार होते, पण ते पाठवायचे कुठे? नावे-पत्ते सगळे ॲपमध्येच. "ती आजारी माणसं वाट बघत असतील हो," म्हणत सून माझ्या फळीवर डोके टेकून रडली. आठ दिवस मला कुणी हात लावला नाही.

मग नणंदेला आठवले, एका निवृत्त मास्तरांनी माप विचारायला थेट फोन केला होता. नंबर सापडला.

"अहो, मला वाटलं तुम्ही दुकान गुंडाळलंत!" मास्तर म्हणाले. "हिला एकच गाऊन आहे, रोज धुऊन वाळवतोय."

शिंपी स्वतः बसने जाऊन गाऊन देऊन आला. मास्तरांनी दवाखान्यातल्या नर्सला सांगितले, तिने गाऊन मागवून वाट बघणाऱ्या आणखी चौघांना. उरलेल्या नऊ जणांचा पत्ता मात्र कधीच लागला नाही. सून अजून त्यांच्यासाठी हळहळते.

महिन्याभराने ॲपवरचे दुकान पुन्हा दिसू लागले. कारण कुणी सांगितले नाही. सून तिथे आजही विकते. पण आता शटर उघडे असते, गिऱ्हाइकांचे पत्ते वहीत लिहिलेले असतात, आणि प्रत्येक गाऊनच्या आत मी तिच्या फोन नंबरची पट्टी शिवते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या अंगणात खुशाल दुकान मांडा, पण आपल्या घराचे दार लावून घेऊ नका. ज्याच्यासाठी राबता, त्याचा पत्ता आपल्यापाशी असू द्या. आणि घरात माझ्यासारखे कुणी म्हातारे यंत्र असेल, तर त्याला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या. आम्ही कुणाची परवानगी न विचारता चालतो.