काकू जिथे जिथे थांबते

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ताईला निवृत्त होऊन जेमतेम चार महिने झाले होते. तीस वर्षं तिने रेल्वे स्टेशनातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत काढली होती. छत्र्या, कवळ्या, एकाच पायातले बूट, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. आलेली प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून ही कोणाची, इथे कशी आली, हे शोधायची तिला इतकी खोड लागली होती, की घरी आलेल्या पाहुण्याच्या चपलांकडे बघूनही ती मनातल्या मनात चिठ्ठी लिहायची: 'डावी टाच झिजलेली. बहुधा शिक्षक.'

"ताई, लेकीचे दिवस भरत आलेत," बहीण फोनवर म्हणाली. "मला तिच्याकडे तीन महिने तरी राहावं लागेल. पण ह्यांना एकटं टाकून कशी जाऊ? कोंबड्या आहेत, शेळ्या आहेत, घोडी आहे. आणि हे तर कोणाशी बोलतच नाहीत. निदान कोंबड्यांशी बोलायला तरी कोणी हवं गं."

ताईने त्याच आठवड्यात लोकरीचे मोजे भरले आणि निघाली.

बहिणीचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. शेजार म्हणावा तर अर्ध्या तासाच्या चालीवर. भाऊजी सुतार. खिळे जपून वापरावेत तसे ते शब्द वापरत. पहिल्या दिवशी त्यांनी ताईला सगळं फिरवून दाखवलं आणि एकंदर नऊ वाक्यं बोलले. ताईने मोजली होती.

हिवाळा तोवर चांगला मुक्कामाला आला होता. सकाळी गोठ्यापाशी जावं तर हौदावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. तो कुऱ्हाडीच्या पाठीने फोडायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचे, शेळ्यांपुढे पाला टाकायचा, लाकडं आत आणून चुलीशी रचायची. बोटं आखडून जायची, नाक गळायचं, आणि तरीही ताईला मजा येत होती. शहरातल्या दोन खोल्यांत सकाळ ही नुसती उजाडायची. इथे ती रोज हाताने ढकलून सुरू करावी लागे.

घोडीचं नाव काकू. तपकिरी, पोट सुटलेली, आणि चालण्यात अशी काही घाई नसलेली की जणू बाजारात भाव विचारत निघाली आहे. त्या चालीवरूनच बहिणीने ते नाव ठेवलं होतं. भाऊजींनी तिला तीन वर्षांपूर्वी गुरांच्या बाजारातून ओंडके ओढायला आणलं होतं. ताईने पहिल्यांदा खरारा हातात घेतला तेव्हा काकूने मान वळवून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग उसासा टाकला. नव्या कारकुनाला जुना साहेब बघतो तसं.

दुसऱ्या आठवड्यात भाऊजी म्हणाले, "ताई, घोडीला फिरवायला हवं. ओंडक्यांचं काम नसलं की नुसती उभी राहते. पाय सुजतात."

"लगाम धरून फिरवू?"

"वर बसून."

"भाऊजी, या वयात?"

"तिचंही वय झालंय," भाऊजी म्हणाले आणि खोगीर आणायला गेले.

पहिले चार दिवस ताईच्या मांड्या अशा भरून आल्या की ती जिना बसून उतरायची. पण पाचव्या दिवशी पाठ आपोआप सैल पडली. घोडीच्या चालीबरोबर कंबर हलू लागली. उघडी झाडं, वाटेवर पांढरं दहिवर, काकूच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ आणि खुरांखाली कुरकुरणारी माती. एवढ्या उंचीवरून आपण आजवर काही बघितलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की काकू थांबते.

ओढ्याच्या वळणावर थांबते. वाकड्या झाडाशी थांबते. टाच लावा, चुचकारा, लगाम हलवा, बाई ढिम्म. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते, आणि काही मिनिटांनी कोणीही न सांगता चालू लागते. सुरुवातीला ताईला वाटलं आपल्यालाच हाकता येत नाही. मग तिने मोजलं. सात ठिकाणं. रोज तीच. मनगटावरच्या घड्याळात बघितलं, तर पहिल्या सहा ठिकाणी पाच-पाच मिनिटं आणि सातव्या ठिकाणी जेमतेम दोन.

"भाऊजी, ही सात ठिकाणी का थांबते?"

"जनावर आहे. दमतं."

"दमून कोणी घड्याळ लावून थांबतं का?"

भाऊजींनी खांदे उडवले. पण ताईचं डोकं आता स्वस्थ बसणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक थांब्यावर खाली उतरली. ओढ्याच्या वळणावर शेवाळ खरवडल्यावर एक लाकडी खांब निघाला, त्याच्यावर रंगाने आखलेल्या रेघा आणि आकडे. वाकड्या झाडामागे पांढऱ्या लाकडी पट्ट्यापट्ट्यांची एक पेटी कलंडून पडली होती. आत फुटलेली काच आणि पक्ष्याचं जुनं घरटं. चौथ्या ठिकाणी एक लहानसं तळं, त्याच्या काठालाही तसाच खांब. काकू तिथे पाणी प्यायली. सहाही ठिकाणी काही ना काही सापडलं. सातव्या ठिकाणी मात्र काहीच नाही. एक मोठा खडक आणि त्याच्यामागे मोकळी जागा. ताईने काठीने जमीन उकरली, खडकाला प्रदक्षिणा घातली, अगदी वर चढूनही बघितलं. काही नाही.

रात्रीच्या जेवणात पावाचा तुकडा तसाच हातात धरून ती म्हणाली, "सातव्या ठिकाणी काहीतरी पुरलेलं असणार."

भाऊजींनी तिच्या ताटात आणखी एक अंडं वाढलं.

उत्तर आणलं नालबंदाने. दर सहा आठवड्यांनी तो आपला टेम्पो घेऊन काकूचे नाल बदलायला यायचा. मोठ्या आवाजाचा, सदा हसणारा माणूस. ताईने सगळं सांगितल्यावर त्याने काकूच्या पुठ्ठ्यावरचे दाट केस हाताने बाजूला सारले. खाली डागलेला एक आकडा होता.

"ही तर हवामान खात्याची घोडी," तो म्हणाला. "डोंगरावर मोजमापं घेणारे एक साहेब होते, त्यांची. खात्याने वरती यंत्रं बसवली, ती आपोआप आकडे पाठवतात म्हणे. साहेबांना घरी बसवलं आणि घोडीला बाजारात उभं केलं. गावात राहतात ते, शिलाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे."

शुक्रवारी ताई बस पकडून गावात गेली. दार सुनेने उघडलं. आत खिडकीशी स्टुलावर एक उंच, वाळका म्हातारा बाहेरच्या धुराड्यांचा धूर कुठल्या दिशेला झुकतोय ते बघत बसला होता.

"बाबा, या बाई घोडीबद्दल विचारायला आल्यात," सून म्हणाली.

म्हातारा गर्रकन वळला. "कुठल्या घोडीबद्दल?"

ताईने सांगायला सुरुवात केली. ओढा, वाकडं झाड, पेटी. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याचे ओठ तिच्याबरोबर हलताहेत. पुढचं ठिकाण तो तिच्याआधी म्हणत होता.

"अजून थांबते?" त्याने विचारलं.

"पाच मिनिटं. नेमकी."

"पाचच लागायची," तो म्हणाला. मग चष्मा पुसून म्हणाला, "तिला काय नाव ठेवलंत?"

"काकू."

"शोभतं. आमच्याकडे नाव नव्हतं. कागदोपत्री ती 'वाहन क्रमांक दोन' होती. क्रमांक एक माझी सायकल." तो पुढे झुकला. "बरं, चौथ्या ठिकाणी बर्फ किती जाड होता?"

"बर्फ? बर्फ नव्हता. पाणी होतं."

"असं कसं होईल? या दिवसांत? सत्तावीस हिवाळे मी त्या तळ्याला कुऱ्हाडीने भोक पाडून जाडी मोजलीय. एकदाही चुकला नाही. तुम्ही दुसरं तळं बघितलं असणार."

"मी घोडीने दाखवलं ते बघितलं," ताई म्हणाली. "ती प्यायलीसुद्धा."

ताईवर अविश्वास दाखवायला त्याची हरकत नव्हती, पण घोडीवर कसा दाखवणार?

निघताना ताईने इतके दिवस दाबून धरलेलं विचारलंच. "आणि सातव्या ठिकाणी काय होतं हो? मी सगळं उकरून बघितलं. खडकामागे."

म्हातारा आधी लाजला. सुनेकडे बघून आवाज खाली आणला. "अहो, तिथे... तिथे मी उतरायचो. थंडीत लागते ना माणसाला."

सून स्वयंपाकघरात पळाली आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. ताईही हसत सुटली ती बसमधून उतरेपर्यंत. शेजारी बसलेल्या दोघांनी एकामागून एक जागा बदलली.

त्यानंतर हिवाळ्याला एक काम चिकटलं. आठवड्यातून तीनदा ताई वहीपेन्सिल घेऊन काकूवर बसायची. ओढ्याची पातळी, पाऊस मोजायच्या जुन्या डब्यातलं पाणी, तळं. शुक्रवारी ती फोन करायची आणि म्हातारा पलीकडून ओरडायचा, "हळू सांगा, लिहितोय!" एके सकाळी न्याहारीच्या टेबलावर पट्ट्यापट्ट्यांची एक नवी कोरी पेटी उभी होती, पांढरा रंग अजून ओला. भाऊजी खाली मान घालून चहा पीत होते. ताईने काही विचारलं नाही. त्यांना बोलावं लागलं असतं.

थंडी वाढली. ओढ्याच्या कडा गोठल्या. हौदावरचा पापुद्रा बोटभर जाड झाला. दोनदा बर्फाची भुरभुरही झाली. पण तळं काही गोठेना. प्रत्येक शुक्रवारी म्हातारा तोच प्रश्न विचारायचा आणि ताई तेच उत्तर द्यायची.

"बाई, तुम्ही नीट बघता ना?"

"साहेब, मी तीस वर्षं लोकांच्या कवळ्या ओळखून परत केल्यात. मला पाणी आणि बर्फ यांतला फरक कळतो."

सातव्या शुक्रवारी त्याने फोन ठेवला आणि शनिवारी सकाळी नालबंदाच्या टेम्पोतून स्वतःच येऊन उतरला. बहीण परत यायला दोनच दिवस राहिले होते. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना पट्टे, कानांवर टोपी, हातात काठी. काकू अंगणात उभी होती. ती खिंकाळली नाही की धावली नाही. फक्त तिने कान पुढे केले, चालत येऊन म्हाताऱ्याच्या कोटाचा उजवा खिसा हुंगला, आणि त्यात काही नाही असं बघून डावा हुंगला.

"विसरलो गं," म्हातारा म्हणाला, आणि टोपी डोळ्यांपर्यंत ओढली.

"गुडघ्यांचं काय?" ताईने विचारलं.

"चालायला कुरकुरतात. बसायला काही म्हणत नाहीत."

भाऊजींनी त्याला लाकडं फोडायच्या ओंडक्यावर उभं करून खोगिरावर चढवलं. ताई लगाम धरून पायी निघाली. पहिल्या तीन ठिकाणी म्हाताऱ्याने पाच-पाच मिनिटं घेतली आणि ताईचे आकडे तपासले. एकदा फक्त 'हं' म्हणाला. ते शाबासकीचं 'हं' होतं, असं ताईने ठरवून टाकलं.

तळं दिसलं. त्या गारठलेल्या सकाळी पाण्यावर वाफेचा एक पातळ पदर होता. म्हातारा खोगिरावरून घसरत उतरला, काठावर कसाबसा वाकला आणि हात पाण्यात घातला.

"बाई," तो म्हणाला. "इकडे या. हात घाला."

ताईने घातला. पाणी गार नव्हतं.

"हे कुठून येतंय?" दोघांनी एकदमच विचारलं.

तळ्याच्या वरच्या अंगाला दगडांतून एक बारीक धार उतरत होती. तिच्या कडेने वर जायचं तर पायवाट सोडावी लागणार होती. म्हाताऱ्याला पुन्हा खोगिरावर चढवायला तिथे ओंडकाही नव्हता. काकूने वाटेच्या टोकाशी पाय रोवले. तिच्या इतक्या वर्षांच्या कामात असा फाटा कधी लागलेला नव्हता.

"आज मोजायचं नाही गं," म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला. "आज नुसतं बघायचंय." आणि एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने ताईचा खांदा धरून तो चढू लागला. चार पावलं गेल्यावर मागून खुरांचा आवाज आला.

चढायला त्यांना तासभर लागला. दर दहा पावलांना कोणाचं तरी काहीतरी दुखायचं, आणि कोणीही परत फिरू या म्हणायचं नाही. शेवटी एक घसरलेली दरड लागली. मोठा दगड बाजूला सरकला होता आणि त्याच्याखालच्या फटीतून, अंगठ्याएवढ्या जागेतून, पाणी बुडबुडत होतं. भोवतीचं गवत त्या पांढऱ्या डोंगरात एकटंच हिरवंगार होतं. काकूने सरळ तोंड खाली घातलं आणि चरायला लागली.

"हे नव्हतं," म्हातारा हळूच म्हणाला. "एवढी वर्षं हे इथे नव्हतंच. आणि ती यंत्रं याच्याबद्दल कोणाला सांगणार? ती तर वरच्या माथ्यावर आहेत." त्याने आतल्या खिशातून आपली जुनी वही काढली, पान उघडलं आणि अडला. "तापमान लिहायला हवं. पण तापमापक कुठे आहे? तो तर पेटीत फुटला."

"अंदाजे लिहा."

"अंदाजे मी आयुष्यात लिहिलं नाही." मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही सांगा. वस्तू ओळखायचं काम तुमचं. नीट हात घालून सांगा."

ताई खाली बसली. मनगटापर्यंत हात फटीत घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला.

"चहा ओतून ठेवला, मध्येच फोन आला, आणि बोलणं संपवून परत आलो," ती म्हणाली. "तेव्हा कप लागतो, तेवढं."

"बोलणं किती वेळ चाललं?"

"दहा मिनिटं. फार तर बारा."

म्हाताऱ्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, वहीत उतरवून घेतलं.