पहिलं गिऱ्हाईक

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो एका सैनिकाचा हात खांद्याला दाबून धरून बसला होता. गोंद ओला होता. आत्ता सोडलं तर हात गळून पडणार, म्हणून त्यानं फोन वाजू दिला. वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला, तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं उचलला. पलीकडे नर्स होती. तिनं आधी त्याचं नाव विचारलं, मग नातं, मग जवळ कुणी आहे का ते. तेवढ्यावरून त्याला कळलं.

फोन ठेवून तो उठला, पण सैनिक हातातून सुटेना. गोंद अंगठ्यावर उतरला होता. ओढून पाहिलं तर कातडी निघायला लागली. मग तो तसाच निघाला. बसमध्ये सगळी वाट त्यानं तो हात खिशात ठेवला. वॉर्डात पोचल्यावर बायकोच्या कपाळावर हात ठेवायला वाकला आणि मधेच थांबला. अंगठ्यावर बोटाच्या दोन पेरांएवढा तो सैनिक, एक खाणकामगार, ड्रिल घेऊन उभा होता. नर्सनं कुठूनशी नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसानं पुसत पुसत अंगठा मोकळा केला आणि सैनिक कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिला. हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. मग त्यानं कपाळावर हात ठेवला.

सैनिक तिनंच घडवलेला होता. तिचं कामच ते. युद्धाच्या खेळातले सैनिक ती मेणासारख्या मातीतून कोरायची, कारखान्यात मिस्त्री त्यावरून साचे बनवायचा आणि साच्यांतून प्लॅस्टिकचे तुकडे निघायचे. दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना फौजा मांडायच्या, फासे टाकायचे आणि कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर लढायचं, असा तो खेळ. या खेपेची फौज चंद्रावरच्या खाणमजुरांची होती. मालकांविरुद्ध उठलेले, हत्यारं नाहीत म्हणून खणायची यंत्रंच घेऊन निघालेले. डबा नवख्यांसाठीचा होता. ज्यानं हा खेळ जन्मात पाहिला नाही, त्यानं डबा उघडावा, तुकडे कापावेत, चिकटवावेत आणि रविवार मावळायच्या आत त्याची फौज उभी राहावी. नवखा पहिल्याच डब्यात अडकला तर दुसरा घ्यायला येत नाही.

म्हणून प्रत्येक डब्याचा पहिला नमुना त्यांच्या घरी यायचा. तो सिमेंटच्या गोदामात कामाला. गोण्या उचलून उचलून बोटं अशी झालेली, की सुईत दोरा ओवायचा म्हटला तर शेजारी जावं लागे. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कारखान्यात त्याला ‘पहिलं गिऱ्हाईक’ म्हणत. ती डब्यातला जोडणीच्या चित्रांचा कागद काढून घ्यायची, त्याला टेबलाशी बसवायची आणि समोर वाटाणे सोलत बसायची. मदत करायची नाही, बोलायची नाही.

“तुझ्या हातून जुळलं तर कुणाच्याही हातून जुळेल, ठोंब्या,” ती म्हणायची.

“आणि नाही जुळलं तर?”

“तर माझं चुकलं.”

पण सगळं जुळायचं. निदान तिनं कधी ‘हे चुकलं’ म्हटलं नाही. फौज उभी राहिली की ती एकेक सैनिक कागदात गुंडाळून कारखान्यात घेऊन जायची. आपला हात या कामाला चांगला बसला आहे, असं त्याला वाटे. गोदामात तो कधीकधी तसं बोलूनही दाखवी.

शेवटचा डबा आला तो तिच्या आजारपणात. तिला बोलायला त्रास व्हायचा, तरी त्या दिवशी दवाखान्यात तो पलंगाशी येऊन बसला तशी ती म्हणाली, “घरी जा. डबा आजच उघड.”

“उद्या बघतो. आज थांबतो इथंच.”

“उद्या मिस्त्री विचारेल. जा रे. इथं माझं तोंड काय बघत बसलायस.”

तो गेला होता. फोन आला तो त्याच दिवशी.

नंतर बरेच दिवस घरात माणसांची ये-जा होती. ती संपल्यावर त्यानं पुन्हा डबा पुढे ओढला. कागद या वेळी डब्यातच होता. काढून घ्यायला कुणी नव्हतं. तिचं शेवटचं काम, ते आपल्या हातून वाकडं व्हायला नको, म्हणून त्यानं कागद समोर ठेवला आणि एकेक तुकडा चित्राशी ताडून पाहू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मानेची खुंटी गोल होती. डोकं पुढे तोंड करूनही बसत होतं आणि पाठीकडे करूनही. डावा हात उजव्या खांद्यात जात होता. पाय अदलाबदल झाले तरी उभे राहत होते. चित्र नसतं तर निम्मी फौज उलटीसुलटी झाली असती.

तिचा हात गेला होता तर. शेवटी शेवटी चमचासुद्धा थरथरायचा, ते त्यानं पाहिलं होतं. हे कारखान्यात सांगितलं तर दुसरा कुणी कारागीर येणार, तिच्या सैनिकांच्या माना कापणार, खांदे तासणार. त्यानं चित्र बघून सगळी फौज बिनचूक जोडली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं उभी केली.

साचे बनवणारा मिस्त्री रविवारी सकाळी आला. वयानं मोठा, जिन्यानं दमलेला. हातातली पिशवी त्यानं खुर्चीपाशी ठेवली. चहा झाला. मग तो म्हणाला, “काय म्हणतो डबा?”

“एक नंबर. सगळं जिथल्या तिथं बसतं.”

“सगळं?”

“सगळं. पोरसुद्धा जोडेल.”

मिस्त्री उठून कट्ट्यापाशी गेला. चष्मा कपाळावर सारून त्यानं एक सैनिक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा हातात धरूनच तो वळला.

“तुझ्या हातचे वाटत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांची तोंडं पुढे आहेत. गिऱ्हाईक, खोटं तुला झेपत नाही. बाईचा एकही डबा पहिल्या खेपेला नीट बसलेला नाही.”

त्याचा आवाज चढला. “तिच्या कामाला नावं ठेवू नका, मिस्त्री. आजारी होती ती.”

“नावं कोण ठेवतंय? खाली बस आधी.” मिस्त्री स्वतःच बसला. “ती खुंट्या मुद्दाम गोल ठेवायची. पहिल्यापासून. तू डोकं उलटं बसवलंस, की दुसऱ्या दिवशी येऊन तेवढीच खुंटी एका बाजूनं चपटी करायची, म्हणजे पुन्हा कुणाचं उलटं बसायला नको. सगळ्याच चपट्या करायच्या तर साचा परवडत नाही. नवखा जिथं चुकतो तिथंच करायच्या. आणि नवखा कुठं चुकतो हे तुझ्याइतकं चोख कुणी दाखवत नव्हतं.”

“मी चुकायचो?”

“चुकायचास? अरे, एकदा तू रणगाड्याला चाकांच्या जागी तोफा लावल्या होत्यास. चारही. आम्ही आठवडाभर हसत होतो. तो रणगाडा अजून माझ्या फळीवर आहे.”

त्यालाही हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आलं. तो पाणी प्यायला आणि पेला हातातच धरून बसला.

“मला कधी बोलली नाही.”

“बोलली असती तर तू जपून जोडलं असतंस. मग काय उपयोग? म्हणून तर समोर बसायची. चुकणाऱ्याला आपण कुठं चुकलो ते थोडंच कळतं? ते बघणाऱ्यालाच कळतं. ‘मी नसताना त्याच्यापुढे डबा उघडू नका, वाया जाईल,’ असं आम्हाला बजावून ठेवलं होतं तिनं.”

त्यानं पेला खाली ठेवला.

“त्या दिवशी मला तिनंच घरी पाठवलं,” तो म्हणाला. “डबा आजच उघड म्हणाली. तुम्ही विचाराल म्हणून.”

“मी कशाला विचारतोय? तिला बरं नाही तर मी डब्याचं...” मिस्त्री बोलता बोलता थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “आणि कागद? कागद काढून घे म्हणाली होती?”

“नाही.”

मिस्त्रीनं हातातला सैनिक टेबलावर ठेवला, सरळच होता तरी बोटानं पुन्हा सरळ केला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू व्हायची आणि बंद पडायची.

“डबा निमित्तच होता. शेवटी जवळ थांबू दिलं नाही तिनं मला,” तो म्हणाला.

मिस्त्रीनं पिशवीतून त्याच फौजेचा दुसरा डबा काढला. तसाच, न उघडलेला. कागद काढून घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

“बस. मी बघतो.”

“आता?”

“साचे महिनाअखेर लावायचेत. बस. तिच्यासमोर बसायचास तसा.”

त्यानं तुकडे कापले. एक धड उचललं, एक डोकं उचललं. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. पूर्वी तो उचलायचा आणि लावून मोकळा व्हायचा. आता डोकं बोटात फिरत राहिलं. इकडून लावावं की तिकडून. इकडून बरोबर दिसत होतं. मग मुद्दाम तिकडून लावावं का. पण मुद्दाम लावलेलं ते चुकणं कसलं.

“विचार करू नकोस,” मिस्त्री म्हणाला.

“येतोय विचार.”

“दुसरीकडे बघत लाव.”

त्यानं दुसरीकडे पाहिलं. टेबलापलीकडे मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखल्यासारखा बसला होता, लहान मुलाला घास घेताना बघावं तसा. त्यानं डोकं मानेवर टेकवलं. ते बरोबर बसलं. दुसरं घेतलं. तेही बरोबर बसलं.

“आता मला चुकायला जमत नाही, मिस्त्री.”

“राहू दे आज,” मिस्त्री म्हणाला. “पुढच्या रविवारी येतो.”

मिस्त्री पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला; डोकी सरळच बसत राहिली. मग महिना संपला आणि यंत्रावर दुसऱ्याच फौजेचे साचे चढले. खाणमजुरांची फौज अजून बाजारात गेलेली नाही. तिच्या खुंट्या गोल आहेत. त्यांतल्या कुठल्या चपट्या करायच्या, ते ठरायचं राहिलं आहे.